रुपेशचं ऑपरेशन

मे महिन्यातही रुपेश दोन बनियान घालायचा. आतली एका मापाने लहान, छातीला आवळून धरणारी. वरची नेहमीची, आणि तिच्यावर सैल, गडद रंगाचा शर्ट. जाम गावच्या चौकात दुपारी डांबर मऊ होतं, ट्रकवाले उघड्या अंगाने गाडीच्या सावलीत पडून असतात, आणि हा गळ्यापर्यंत बटणं लावून ड्युटीवर निघायचा. "घामोळ्यानं मरशीन एक दिवस," त्याची आई जिजाबाई म्हणायची. तो हसून वेळ मारून न्यायचा.

वयात येताना त्याची छाती मुलींसारखी वाढली होती. फार नाही, पण बघणाऱ्याला दिसेल इतकी. नववीत कबड्डीचा संघ निवडताना सगळ्या पोरांनी शर्ट काढले, त्यानेही काढला. खेळाचे सर त्याच्याकडे बघून म्हणाले, "तुझं नाव मुलींच्या संघात टाकू का रे?" सगळे हसले. रुपेशही हसला. सर काही दुष्ट नव्हते. दहावीला त्यांनीच त्याला घरी बोलावून गणित शिकवलं. तो प्रसंग ते संध्याकाळपर्यंत विसरलेही असतील. रुपेशने मात्र त्यानंतर कुणासमोर शर्ट काढला नाही. नदीवर पोहायला जाणं सुटलं, पोरांसोबत मुक्कामी जाणं सुटलं, मग पोरंही सुटली.

ही चरबी आहे असं त्याला वाटायचं. तो धावला, उपास केले, ताटातलं निम्मं परत ठेवू लागला. गाल बसले, मनगटं काटकुळी झाली. छाती तशीच राहिली.

आयटीआय करून तो विजेच्या उपकेंद्रात ऑपरेटर झाला. गावाबाहेर तारेचं कुंपण, आत ट्रान्सफॉर्मर, आणि मीटर लावलेली एक खोली. पाळीभर माणूस एकटा. कधी एखादा फोन, कधी एखादा लाइनमन. बाकीच्यांना ती ड्युटी म्हणजे शिक्षा वाटायची. रुपेश दुसऱ्यांच्या पाळ्याही आनंदाने मागून घ्यायचा.

तिशी उलटली तरी त्याचं लग्न ठरत नव्हतं. दाखवलेल्या प्रत्येक मुलीला तो नाही म्हणायचा आणि कारण सांगायचा नाही. वडील बापूराव एसटीत कंडक्टर होते, निवृत्तीनंतर विहाराच्या कामात रमले होते. एकदा त्यांनी त्याला जवळ बसवून विचारलं, "कोनी असन मनात तर सांगून दे. जात-पात मी पाहात नाई, तुले मालूम हाय."

"कोनीच नाई, बाबा."

"मंग काऊन नाई म्हनतं?"

याचं उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते बापाला सांगण्यासारखे शब्द त्याच्याकडे नव्हते.

रोहणा गावची काजल बघायला गेले तेव्हाही तो नाही म्हणायचं ठरवूनच गेला होता. काजल आर्वीच्या एका शाळेत शिकवायची. मोठी माणसं बाजूला झाल्यावर तिने विचारलं, "दिवसभर तिथं एकटे असता. कंटाळा नाही येत?"

"ट्रान्सफॉर्मरचा आवाज असतो," रुपेश म्हणाला. "लोड वाढला का आवाज बदलतो. सवय झाली का न पाहता समजते."

हे तो आजवर कुणाला बोलला नव्हता. ती हसेल असं त्याला वाटलं. ती हसली नाही. "म्हणजे ऐकत बसता," ती म्हणाली. "माझ्या वर्गात पन्नास पोरं आहेत. मला तर एक दिवस यायला आवडेल तिथं."

परतीच्या गाडीत बापूरावांनी विचारलं तेव्हा तो हो म्हणाला. ते त्यांना खरं वाटेना. त्यांनी पुन्हा विचारलं.

लग्न उन्हाळ्यात ठरलं. संध्याकाळी काजलचा फोन यायचा. ती शाळेतलं सांगायची, आणि तो ऐकता ऐकता खोलीत फेऱ्या मारायचा. असं कुणाची वाट बघणं त्याला नवीन होतं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "हळदीला माझ्या बहिणी तुमच्याकडे येणार आहेत. सांगून ठेवते, सोडणार नाहीत तुम्हाला."

फोन ठेवल्यावर रुपेशला ते चित्र दिसलं. अंगणात पाट, पाटावर तो उघडा, भोवती बाया, मोबाइल धरलेली पोरं, आणि त्याच्या छातीवर हात. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्याही दिवशी नाही.

मग एक दिवस ट्रेनिंग आहे असं घरी सांगून तो नागपूरला एका प्लास्टिक सर्जनकडे गेला. डॉक्टरांनी शर्ट काढायला सांगितलं. तो बटणांशी बराच वेळ घुटमळला. दोन्ही बनियान काढल्यावर आवळल्याचे लाल वळ उठलेले दिसत होते. डॉक्टरांनी ते बघितले. दोन बोटांनी दाबून बघत म्हणाले, "ही चरबी नाही. ग्रंथी आहे. व्यायामाने जाणार नाही."

"आजार हाय का?"

"आजार नाही. पुष्कळ पुरुषांना असतं. रक्त तपासून घेऊ, पण मला काळजीचं काही दिसत नाही. हे असंच ठेवलं तरी तुम्ही म्हातारे व्हाल. ऑपरेशन केलं तर ग्रंथी निघेल, बारीक व्रण राहील. कधी दोन्ही बाजू अगदी सारख्या होत नाहीत. कधी तिथलं कातडं बधिर राहतं. महिना-दीड महिना पट्ट्याची बनियान घालावी लागते." ते हात धुऊन आले. "तुम्हाला त्रास होतो का?"

"दुखत नाई."

"ते नाही विचारलं मी."

रुपेश शर्टाची बटणं लावत राहिला. खालून वर, एकेक. डॉक्टरांनी उत्तराची वाट बघितली, मग स्वतःच म्हणाले, "करायलाच पाहिजे असं काही नाही. विचार करा. करायचं ठरलं तर सोबत एक माणूस आणा. जवळचं कुणी. रात्रभर थांबावं लागेल."

परतताना बसमध्ये तो खिडकीशी बसला. मोबाइलमधली नावं खालपर्यंत बघत गेला. लाइनमन, सबस्टेशन, गॅसवाला, मावसभाऊ, चुलतभाऊ. ज्याला हे सांगता येईल असं एक नाव सापडेना. ज्याला काही न सांगता नुसतं 'चल' म्हणता येईल, असंही नाही. बुटीबोरी गेलं तेव्हा त्याने मोबाइल खिशात टाकला. ऑपरेशन नको, त्याने ठरवलं. हळदच नको.

आणि हळद टाळणं फार सोपं निघालं. घरी तो म्हणाला, "आपल्या विधीत हळद नाई. मंग लावाची कायले? साधं वंदना घेऊन लग्न करू."

बापूराव खुर्चीतून उठलेच. गेली कित्येक वर्षं ते वस्तीत हेच सांगत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. जिजाबाई मात्र हातातला तांदूळ तसाच धरून बसली. "अरे, वस्तीत साऱ्याइच्याच घरी लागते," ती म्हणाली. "एकच पोरगा मले. मी कोनाले हळद लावू मंग?"

"आई, थे आपलं नोय."

"मले शिकवून राह्यला तू?" ती म्हणाली. त्या दिवशी सुपातले तांदूळ तिने दोनदा निवडले.

काजलच्या आईचा फोन आला तेव्हाही तो तसाच बोलला. बाबासाहेबांच्या प्रतिज्ञा, जुन्या रूढी, आपणच सोडल्या नाहीत तर कोण सोडणार. आपण इतकं चांगलं बोलू शकतो हे त्याला ठाऊक नव्हतं. पलीकडे ती बाई रडत होती आणि तो मुद्दे सांगत होता.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर बापूराव उभे राहिले. "माह्या पोरानं सोताहून हळद नाकारली," ते म्हणाले. "मी सांगतलं नोतं त्याले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी रुपेशच्या हातात गुलाब दिला. वस्तीतली एक-दोन पोरं म्हणाली, भाऊ, आम्ही पण असंच करू. रुपेशला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. शाळेत सगळे हसले तेव्हासुद्धा तो इतका एकटा पडला नव्हता. तेव्हा निदान लोक खऱ्या गोष्टीला हसत होते.

त्या आठवड्यात काजलने विचारलं, "आईनं ऐकलं तुमचं. मलाही पटलं तसं. पण खरं सांगा, हे तुमचं मत आहे की बाबांचं?"

"माझंच."

"मग आधी मी बहिणींचं सांगितलं तेव्हा काही बोलले नाहीत."

रुपेशने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "मी शनिवारी आर्वीला येतो. भेटून बोलू."

शनिवारी अर्धी शाळा. ती सुटून आली तेव्हा तो शाळेजवळच्या रसवंतीत टिनाच्या शेडखाली बसला होता. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. रसवाला चरकाशी ऊस सोलत होता. रुपेशने दोन ग्लास सांगितले.

"मले छातीचं हाय," ते आल्यावर तो म्हणाला.

काजलच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "हार्टचं?"

"नाई. हार्टचं नाई. छाती..." त्याने आजूबाजूला बघितलं. "बायांसारखी हाय. लहानपनापासून. ऑपरेशन होते त्याचं. कोनाले दाखवत नाई मी. म्हनून हळद नाई म्हटलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या छातीकडे नाही, तोंडाकडे. ग्लासवरून माशी उठून गेली, पुन्हा बसली.

"म्हणून?" ती म्हणाली. "मग ते प्रतिज्ञा, रूढी?"

"थे खोटं नाई. पन माह्यासाठी थे नोतं."

"घरी माहीत आहे?"

"तुमच्याशिवाय कोनालेच नाई. एका डॉक्टरले फक्त."

काजलने रस अर्धाच प्यायला. उठताना ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं, बरं केलं. मला थोडे दिवस द्या."

त्या दिवसांत तिचा फोन आला नाही. उपकेंद्रात रुपेश मोबाइल टेबलावर उताणा ठेवून बसायचा. संध्याकाळी शेतांवर लोड वाढला की ट्रान्सफॉर्मरचा सूर चढायचा. तो पूर्वी त्याला सोबत वाटायचा, आता नुसता आवाज वाटू लागला. ऑपरेशन करून टाकतो म्हणून तिला सांगावं, असं त्याने अनेकदा ठरवलं. मग वाटायचं, तिने तेच विचारलं नाही तर?

मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. "तुमच्या अंगाचं मला काही नाही," ती म्हणाली. "खरंच नाही, मी विचार केला त्याचा. पण माझी आई रडत होती अन् तुम्ही तिला तत्त्व शिकवत होते. इतकं साफ बोलले का मी पण मानलं. उद्या तुम्ही कायबी सांगान, मी कशावर विश्वास ठेवू?"

"मले सांगता येत नोतं."

"समजते मले. रागावली नाई मी." तिचा आवाज जड झाला होता. "पन नाई जमत मले. तुम्ही मनाले लावून घेऊ नका."

लग्न मोडलं. तिने तिच्या घरी काय कारण सांगितलं ते कधीच कळलं नाही, पण खरं सांगितलं नसावं. रोहण्याहून कसलीच कुजबुज आली नाही.

जिजाबाईने मात्र रुपेशला सोडलं नाही. "काऊन मोडलं? तू काय बोल्ला तिले?" तेव्हा त्याने दोघांना समोर बसवून सांगितलं. खाली फरशीकडे बघत, थोडक्यात.

"एवढंच?" आई म्हणाली. "अरे, एवढ्यासाठी पोरगी घालवली? मले वाटलं काय नं काय."

तिच्या आवाजात सुटका होती, माया होती. तरी तो शब्द रुपेशला लागला. ज्याच्यापायी नदी गेली, मित्र गेले, आता काजल गेली, ते एवढंच होतं. तिलाही समजावून सांगता येईना. आणि मग त्याच्या लक्षात आलं की काजल असं म्हणाली नव्हती.

बापूरावांनी मान वर केली. "मंग थे हळदीचं?" त्यांनी विचारलं.

"खोटं होतं, बाबा."

बापूरावांनी चपला घातल्या आणि ते बाहेर गेले. त्यानंतर ते त्याच्याशी कामापुरतं बोलायचे. रविवारी विहारात जाताना पूर्वीसारखं 'चाल' म्हणायचे नाहीत.

आता लग्न नव्हतं, हळद नव्हती, कुणी बघणारं नव्हतं. लग्न मोडल्यावर पहिले एक-दोन दिवस रुपेशला, दुःखाच्या आत कुठेतरी, हलकं वाटलं होतं. सुटलो, असं. आता कुणाला दाखवावं लागणार नाही. उपकेंद्रात डबा खाताना त्याला ते हलकेपण स्पष्ट कळलं आणि त्याने डबा झाकला. काजल गेल्याचा आनंद होणारा माणूस आपल्या आत बसला आहे, आणि तो साठीपर्यंत असाच बसून राहील, दार लावून.

त्याने खरोखरच उपकेंद्राच्या खोलीच्या दाराला कडी लावली, मोरीतल्या आरशासमोर शर्ट काढला, दोन्ही बनियान काढल्या. स्वतःला बघायचंही त्याने कधीचं सोडलं होतं. छाती त्याला वाटत होती तेवढी मोठी नव्हती. पण त्याला नको होती. कुणासाठी नाही, कुणाच्या हसण्यामुळे नाही. तिथे हात लागला की आजही त्याला ती स्वतःची वाटत नव्हती. डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर एवढं साधं होतं. होतो, त्रास होतो.

त्याने शर्ट चढवला, कडी काढली आणि तिथूनच दवाखान्यात फोन लावला. पलीकडच्या बाईने तारीख दिली आणि विचारलं, "सोबत कोण?"

"कोनी नाई. चालेल का?"

"नाही हो. माणूस लागतंच."

तेवढ्यात लाइनमन तानबा शिडी ठेवायला आत आला. पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. दोघं वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखत होते आणि परमिट, फ्यूज, फीडर या कामाच्या गोष्टींपलीकडे कधी बोलले नव्हते. रुपेशने शर्टाचं वरचं बटण लावत विचारलं, "तानबाभाऊ, नागपूरले येता का माह्यासोबत? ऑपरेशन हाय. रातभर थांबा लागन."

"येतो," तानबा म्हणाला. शिडी भिंतीला टेकवली. "सुट्टी टाकतो."

कसलं ऑपरेशन, हे त्याने विचारलं नाही. पण रुपेशला आता झाकून न्यायचं नव्हतं. त्याने सांगितलं. तानबाने तंबाखू मळत सगळं ऐकलं. "लय दुखन का?" त्याने विचारलं.

"माहीत नाई."

"बरं," तानबा म्हणाला. "चादर आनतो मी माही. तिथल्या चादरी पुरत नाईत."

घरी जिजाबाई म्हणाली, "आता कायले कापून घेतं? मोडलं नं लग्न?"

"लग्नासाठी नाई करून राह्यलो, आई." ती पुढे काही विचारेल म्हणून तो थांबला. तिने विचारलं नाही. बापूराव पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

ऑपरेशन ठीक झालं. शुद्धीवर आला तेव्हा छातीभोवती घट्ट पट्टा होता आणि श्वास घेताना ओढ बसत होती. तानबा खुर्चीत मान टाकून झोपला होता. जवळचं माणूस म्हणून कागदावर त्याचं नाव होतं, आणि त्याच्या घरी मुलं किती हेसुद्धा रुपेशला माहीत नव्हतं. तानबा जागा झाल्यावर त्याने ते विचारलं. दोन मुली, एक हिंगणघाटला दिलेली. दुसरी शिकते. तानबाला नवल वाटलं असावं, पण त्याने नीट सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने बापूराव आले. डबा आणला होता. पलंगाशेजारी बसून त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं."

"पोरगं शेजारचं विचारत होतं, भाऊले काय झालं. मी सांगतलं गाठ होती म्हनून." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "आता मी बी खोटंच बोल्लो म्हना."

रुपेशला हसू आलं आणि हसल्यामुळे दुखलं. बापूराव हसले नाहीत, पण डब्याचं झाकण काढून त्यांनी भाकरी मोडून त्याच्या हातात दिली. हळदीचं ते त्या दिवशी बोलले नाहीत, पुढेही कधी नाही.

दीड महिन्याने पट्टा निघाला. छाती सपाट झाली होती. डावी बाजू किंचित खोल वाटायची आणि तिथे बोट लावलं तर काही कळायचं नाही, जणू दुसऱ्या कुणाचं अंग. त्याने हिंगणघाटच्या बाजारातून पांढरा शर्ट घेतला. घालून ड्युटीवर गेला. कुणी काही म्हटलं नाही. कुणाला काही दिसलंच नव्हतं. आधीही, आत्ताही. याचं बरं वाटावं की वाईट, हे त्याला ठरवता येईना.

काजलचं लग्न पुढच्या हंगामात अमरावतीकडे झालं. त्याने 'अभिनंदन' एवढा मेसेज पाठवला. उत्तर आलं, 'तुम्ही बरे आहात ना?' त्याने लिहिलं, 'हो. ऑपरेशन केलं.' मग ते खोडलं आणि नुसतं 'हो' पाठवलं.

पावसाळ्यात साहेबांनी विचारलं की हिंगणघाटच्या मोठ्या उपकेंद्रात कोण जातं, तिथे एका पाळीत चौघं-पाचजण असतात. रुपेश म्हणाला, मी जातो. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं, कारण एकट्याची ड्युटी आजवर यानेच मागून घेतली होती.

नव्या ठिकाणी दुपारी सगळे एका टेबलाभोवती डबे उघडायचे. वर्तमानपत्र अंथरलेलं, मधोमध कांदे, कुणाचा तरी ठेचा. रुपेश पहिले काही दिवस आपल्या जागेवरच जेवला. त्याला कुणी हाक मारली नाही, मुद्दाम टाळलंही नाही. लपवायला आता काही उरलं नव्हतं, तरी चार माणसांत बसावं कसं हे तो कधी शिकलाच नव्हता. हात कुठे ठेवायचे, बोलणं चालू असताना कुणाकडे बघायचं.

एका दुपारी तो डबा उचलून टेबलापाशी जाऊन उभा राहिला.  चंद्रभान नावाचा जाडा ऑपरेटर बाकावर सरकला आणि त्याने आपला पाण्याचा गडवा उचलून पलीकडे ठेवला. रुपेश बसला. चंद्रभान आपल्या मेव्हण्याच्या म्हशीची गोष्ट सांगत होता, ती अर्ध्यात होती आणि रुपेशला तिचा आगापिछा काही लागेना. बाकीचे हसले तेव्हा तो हसला नाही.

"काय झालं नेमकं?" त्याने विचारलं. "मी पहिलं ऐकलं नाई."

चंद्रभानने घास गिळला आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.